ज्या पिकांस गांठी येत नाहींत, त्यांत गांठींचीं प्रथिनें कशासाठीं?

द्विदल पिकांच्या मुळांवर गांठी धरतात, त्या गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, आणि म्हणून तुरीचा किंवा हरभऱ्याचा बेवड पुढील पिकास मानवतो, हें वाचत्या शेतकऱ्यास आतां नव्यानें सांगावयास नको. बेवडाचा गुण आपल्या वाडवडिलांस ठाऊकच होता. त्याचें कारण जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्ट या दोघांनीं १८८६ ते १८८८ या काळांत प्रयोगानें दाखवून दिलें. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या पुढचा आहे. गांठ धरण्यासाठीं जीं प्रथिनें लागतात, त्यांपैकीं पुष्कळशीं ज्वारी, गहूं, भात व कापूस यांच्या मुळांतहि सांपडतात. या पिकांस तर कधींच गांठ येत नाहीं. मग तीं प्रथिनें तेथें करितात तरी काय? हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेंतील विद्वानांचा आहे असें वाटण्याचा संभव आहे. परंतु स्फुरदाच्या खतावरील खर्च, पडीक ठेवलेल्या रानांतील रब्बी ज्वारीची वाढ आणि टारफुल्याचा उपद्रव या तिन्ही गोष्टींचा त्याच्या उत्तराशीं जवळचा संबंध आहे.

उदाहरणादाखल पिंगळीचें शिवार घेऊं. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें गांव आहे, आणि परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत सर्वत्र होतात तींच पिकें तेथें होतात. खरिपांत सोयाबीन, तूर, मूग, कापूस. रब्बींत ज्वारी, हरभरा, गहूं. सोयाबीनचें, तुरीचें, मुगाचें किंवा हरभऱ्याचें झाड मुळासकट हलकेंच उपटलें तर गांठी दिसतात. ज्वारीचें, कापसाचें, गव्हाचें कितीहि उपटलें तरी दिसत नाहींत. रायझोबियमचें पाकीट सोयाबीनला लाभतें तर ज्वारीच्या बियाण्यास कां चोळूं नये, असा प्रश्न यावरून कोणासहि सुचेल. त्याचें उत्तर एका शब्दांत ‘चोळूं नये’ असें आहे. पाकीट फुकट जाईल. परंतु तें फुकट कां जातें हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथिन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें डाळींतील पौष्टिक अंश येतो. येथें तो अर्थ घ्यावयाचा नाहीं. वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत हजारों प्रकारचीं प्रथिनें असून तीं तेथील कामकरी होत. कोणी दारावर बसून बाहेरचा निरोप ऐकतें, कोणी तो आंत पोंचवितें, कोणी अन्न वाहून नेतें, तर कोणी कोणतें काम केव्हां सुरू करावयाचें याचा हुकूम सोडतें. कोणतें प्रथिन घडवावयाचें याचा लेख बीजांतच असतो. त्या लेखास जनुक म्हणतात. जनुक बिघडलें कीं तें प्रथिन होत नाहीं व त्याचें काम बंद पडतें. एखाद्या प्रथिनाचें काम काय हें शास्त्रज्ञ ओळखतात तें याच युक्तीनें: एक कामकरी काढून घ्यावा आणि घरांतलें कोणतें काम अडतें तें पाहावें.

निरोपाची सांखळी:— सोयाबीनचें मूळ नत्राची उणीव पडली म्हणजे मातींत कांहीं द्रव्यें सोडतें. रायझोबियम जंतूंस ती हांक ऐकूं जाते व ते उलट आपलें द्रव्य सोडतात. मुळाच्या पेशीच्या कडेवर असलेलीं प्रथिनें हें उत्तर ओळखतात. मग पेशीच्या केंद्रांत कॅल्शियमचें प्रमाण नाडीच्या ठोक्यांप्रमाणें एकसारखें वर-खालीं होऊं लागतें. हे ठोके वाचणारें एक प्रथिन आहे; त्याच्या लांबलचक इंग्रजी नांवाचें संक्षिप्त रूप सी-सी-ए-एम्-के असें आहे. तें ‘सायक्लॉप्स’ नांवाच्या दुसऱ्या प्रथिनास जागें करितें, तें पुढच्यांस, आणि सरतेशेवटीं मुळाची साल फुगून गांठ बनूं लागते.

आतां नवल असें कीं हीच सांखळी, तेच ठोके, तेंच ठोके वाचणारें प्रथिन, जमिनींतील एका बुरशीच्या स्वागतासहि लागतें. ही बुरशी पिकास रोग करणारी नव्हे. ती मुळाच्या सालींत शिरून पेशींमध्यें झाडासारख्या बारीक फांद्या करिते व आपले तंतु बाहेर मातींत दूरवर पसरिते. तिला शास्त्रांत मायकोऱ्हायझा म्हणतात. आपण मूळ-बुरशी म्हणूं. ज्वारी, गहूं, मका, भात, कापूस, ऊंस, कांदा, हळद, केळी, झाडून साऱ्यांच्या मुळांत ती असते, द्विदलांतहि असते. भाताच्या ज्या रोपांत सी-सी-ए-एम्-के किंवा सायक्लॉप्स हें प्रथिन होत नाहीं, त्यांच्या मुळांत ही बुरशी नांदूं शकत नाहीं, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. याहूनहि मोठा पुरावा २००६ सालीं पुढें आला. ज्याचें हें प्रथिन बिघडल्यामुळें गांठी येणें बंद झालें होतें अशा एका द्विदल रोपांत भाताचें प्रथिन घातलें, तों त्यास पुन्हां गांठी येऊं लागल्या. भातास स्वतःस गांठ ठाऊक नाहीं. पण त्याचा कामकरी दुसऱ्याच्या घरीं गांठीच्या कामास लागला.

यावरून ज्येष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण हें स्पष्ट होतें. स्कॉटलंडांतील ऱ्हायनी या ठिकाणीं सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वींच्या वनस्पति दगडांत जशाच्या तशा राहिल्या आहेत, आणि त्यांच्या पेशींत मूळ-बुरशीच्या फांद्या अजून दिसतात. गांठी धरणाऱ्या वनस्पति पृथ्वीवर आल्या त्या सुमारें १० कोटि वर्षांपूर्वीं. म्हणजे ही प्रथिनें मुळांत गांठींचीं नव्हतच. तीं बुरशीचीं; द्विदलांनीं तीं उसनीं घेऊन त्यांवर गांठीचें काम बसविलें. जुन्या विहिरीवर मोटेच्या जागीं यंत्र बसवावें तसा हा प्रकार आहे. विहीर तीच, पाणी काढण्याची सोय नवी. ज्वारीपाशीं विहीर आहे, यंत्र नाहीं. रायझोबियमचें पाकीट ज्वारीस कां लागत नाहीं, तें यामुळें.

बुरशी पिकास काय देते:— मुख्यतः स्फुरद, आणि त्याबरोबर जस्तहि. काळ्या जमिनींत चुना पुष्कळ असल्यामुळें स्फुरद त्याशीं बांधला जातो व जागचा हलत नाहीं. मुळाच्या केसांस आपल्या भोंवतालच्या दोन-एक मिलिमीटर मातींतीलच स्फुरद उचलतां येतो; तेवढा संपला कीं मूळ उपाशी. बुरशीचा तंतु तेथून कित्येक सेंटिमीटर पलीकडे जाऊन स्फुरद आणतो. मोबदल्यांत झाड तिला साखर व स्निग्ध पदार्थ देतें. हा सौदा आहे, धर्मादाय नव्हे. म्हणूनच जमिनींत तयार स्फुरद भरपूर दिसला कीं झाड बुरशीस बोलावणें थांबवितें. घरांत धान्याची कणगी भरलेली असतां कोणी उसनवारीस जात नाहीं. जो शेतकरी माती न तपासतां दरसाल स्फुरदाचें पोतें ओततो, तो एका हातानें पैसे घालून दुसऱ्या हातानें फुकटचा गडी घालवितो, असें आमचें मत आहे. अर्थात् ज्या जमिनींत स्फुरद खरोखरच कमी आहे तेथें तें दिलेंच पाहिजे. बुरशी स्फुरद आणून देते, निर्माण करीत नाहीं.

सर्वच पिकें हा सौदा करितात असें मात्र नाहीं. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा यांच्या कुळानें तो फार पूर्वींच मोडला. त्यांच्या मुळांत ही बुरशी नांदत नाहीं, आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत असें दिसून आलें कीं सांखळींतील पुष्कळ जनुकेंहि या कुळांतून नाहींशीं झालीं आहेत. जें काम नाहीं त्याचा कामकरी घरांत राहत नाहीं. पालक, बीट, राजगिरा हींहि बहुधा बुरशीवांचून राहणारींच. उलट बाजूनें पाहतां, ज्वारीनें व गव्हानें हीं प्रथिनें कोट्यवधि वर्षें जतन केलीं, यावरूनच तीं तेथें निरुद्योगी नाहींत हें सिद्ध होतें.

एन्-एस्-पी प्रथिनें व टारफुला:— ज्वारीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. एन्-एस्-पी १ व एन्-एस्-पी २ अशीं दोन प्रथिनें आहेत. इंग्रजींत त्यांचें नांवच ‘गांठीच्या निरोपमार्गांतील’ असें ठेवलेलें आहे, कारण तीं प्रथम द्विदलांत गांठी न येणाऱ्या रोपांवरून सांपडलीं. २०११ सालीं असें आढळलें कीं हीं प्रथिनें भातांतहि असून तीं काढून घेतल्यास भाताचें मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नांवाचें द्रव्य जवळजवळ तयार करीत नाहीं. या द्रव्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

टारफुला ज्वारीच्या मुळावर जगतो हें सर्वांस ठाऊक आहे. वर पांढरट फुलांचें लहानसें रोप दिसतें तेव्हां खालीं त्यानें ज्वारीचा रस आधींच शोषलेला असतो. त्याच्या एका रोपास हजारों बिया येतात. त्या धुळीसारख्या बारीक असून वर्षानुवर्षें जमिनींत पडून राहतात, आणि जवळ योग्य मूळ आल्याशिवाय उगवत नाहींत. मूळ जवळ आलें हें त्यांस कळतें कसें? १९६६ सालीं अमेरिकेंत याचें उत्तर मिळालें, आणि तें मिळालें कापसाच्या मुळांच्या धोवणांत. त्यांतून काढलेल्या द्रव्यानें टारफुल्याचें बीं उगवे. त्यास स्ट्रायगॉल असें नांव दिलें. परंतु कापसावर टारफुला जगत नाहीं! आपला वैरी उगवावा म्हणून कोणतेंहि झाड मुद्दाम द्रव्य सोडणार नाहीं. मग तें सोडतें कशाला? हें कोडें ३९ वर्षें तसेंच राहिलें. २००५ सालीं जपानांत आकियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं या जातीचीं द्रव्यें मूळ-बुरशीसाठीं आहेत. त्यांचा स्पर्श होतांच बुरशीचे तंतु फांद्या फोडून मुळाकडे येतात. टारफुल्यानें ही हांक चोरून ऐकण्याची विद्या संपादन केली, इतकेंच. तंबाखूवरील बंबाखूचाहि प्रकार असाच आहे. पुढें २००८ सालीं असेंहि कळलें कीं झाडाच्या अंगीं फुटवे किती यावेत याचें नियमनहि हींच द्रव्यें करितात. एका द्रव्यास किती धनी असावेत!

यांतून शेतकऱ्यास घेण्यासारख्या गोष्टी तीन. पहिली: स्फुरद व नत्र यांची उणीव असलेल्या हलक्या रानांत ज्वारी ही हांक अधिक जोरानें मारते, म्हणून टारफुलाहि तेथेंच माजतो. भुकेल्या रानांतील टारफुला केवळ उपटून हटत नाहीं. शेणखत व माफक खत देऊन रान सुधारणें हा त्यावरील अर्धा उपाय आहे. दुसरी: कापूस टारफुल्याचें बीं उगवितो, पण त्यास पोसत नाहीं, उगवलेलें रोप आधार न मिळून मरतें. सोयाबीन व भुईमूग यांचाहि या कामीं उपयोग होतो. ज्या शेतांत टारफुला दिसला तेथें पुढील दोन-तीन वर्षें ज्वारीवर ज्वारी न घेतां कापूस किंवा द्विदल घ्यावें. आपल्याकडील जुनी फेरपालट यासाठींहि शहाणपणाची होती, हें आतां सकारण सांगतां येतें. तिसरी गोष्ट बियाण्याची. मूळचे इथिओपियाचे व अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत काम करणारे गेबिसा एजेटा यांस टारफुल्यास दाद न देणाऱ्या ज्वारीच्या कामाबद्दल २००९ सालीं जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. अशा कांहीं ज्वारींचें रहस्य २०१७ सालीं उलगडलें: त्या हांक मारीत नाहींत असें नाहीं, तर त्यांच्या हांकेचा स्वर निराळा असतो. त्यांतील एका जनुकाच्या बदलामुळें स्ट्रायगोलॅक्टोनचा प्रकारच बदलतो, आणि टारफुल्याच्या बियांस तो फारसा ओळखूं येत नाहीं.

गांठींतील तांबडें द्रव्य:— सोयाबीनची गांठ नखानें फोडली व आंत गुलाबी दिसली तर ती काम करीत आहे असें समजावें. आंत पांढरट किंवा हिरवट असेल तर ती रिकामी किंवा म्हातारी. हा गुलाबी रंग रक्तांतील रंगद्रव्याचाच भाऊबंद आहे, असें १९३९ सालीं जपानांत कुबो यांनीं दाखविलें. गांठींत प्राणवायु मोजकाच राखणें हें त्याचें काम. तो मोकळा राहिला तर नत्र धरण्याचें काम बिघडतें. पुष्कळ वर्षें हें द्रव्य केवळ गांठींचें भूषण समजलें जाई. १९८८ सालीं मात्र तें ट्रेमा नांवाच्या, गांठी न येणाऱ्या झाडांत सांपडलें. हें झाड भांगेच्या कुळांतील असून आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि आढळतें. १९९४ सालीं सातूंत तसेंच प्रथिन मिळालें, व मुळास प्राणवायु कमी पडला कीं तें वाढतें असें दिसलें. एकदल पिकांत त्याची मात्रा इतकी थोडी असते कीं रंग दिसत नाहीं. प्राणवायूची तूट पडली असतां पेशींत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सांचतो. त्याचा निकाल लावून पेशीस तग धरण्यास हें प्रथिन साहाय्य करितें. श्रावणांत झड लागून काळ्या रानांत पाणी थबकतें तेव्हां मुळांवर हाच प्रसंग येतो. मात्र हें साहाय्य कांहीं वेळापुरतें आहे. चर काढून पाणी वाहतें करणें हें शेतकऱ्याचें काम कोणतेंहि प्रथिन करणार नाहीं.

‘निन’चें घराणें:— १९९९ सालीं एका रानटी द्विदलांत ‘निन’ नांवाचें प्रथिन सांपडलें. गांठीस आरंभ करण्याचा हुकूम तें देतें. तें नसेल तर गांठ नाहीं. ज्वारी, गहूं, भात यांत निन नाहीं, पण त्याचे चुलतभाऊ सर्वांत आहेत. बुरशीशीं संबंध तोडलेल्या मोहरीच्या कुळांतहि आहेत. त्यांचें काम मुळाशीं आलेल्या नायट्रेटची चाहूल घेऊन पिकास तें उचलावयास लावणें हें होय, असें २०१३ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें. म्हणजे मूळ धंदा नत्राचा हिशेब ठेवण्याचा. द्विदलांत एका भावानें तो सोडून गांठींचा धंदा धरला. आणि विशेष हें कीं द्विदलांत राहिलेले भाऊ या धंद्यास आंवर घालतात: जमिनींत नायट्रेट फार झालें कीं गांठी नकोत असा निर्णय त्यांच्यामार्फत होतो, हें २०१८ सालीं स्पष्ट झालें. सोयाबीन किंवा हरभऱ्यास युरियाचे हात देणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आरंभास थोडा नत्र ठीक. पुढें दिलेला नत्र गांठींच्या मुळावर येतो.

मग कारखाना अर्धा उभाच आहे तर ज्वारीस व गव्हास गांठी आणतां येणार नाहींत काय? या दिशेनें इंग्लंड, डेन्मार्क वगैरे देशांत प्रयत्न चालू आहेत, व ते मूर्खपणाचे नाहींत. परंतु ट्रेमाचें उदाहरण पुन्हां पाहावें. त्याचा सख्खा शेजारी पॅरास्पोनिया यास द्विदल नसूनहि गांठी येतात. २०१८ सालीं दोघांचीं जनुकें ताडून पाहतां असें आढळलें कीं ट्रेमाच्याहि पूर्वजांस गांठी येत असाव्यात. निनसह कांहीं जनुकें त्यानें पुढें गमावलीं. जें सृष्टीनें स्वतः कमावून अनेक कुळांत टाकून दिलें, तें महागाचें असलें पाहिजे. गांठ पोसण्यास झाडास पुष्कळ साखर खर्चावी लागते. तेव्हां गांठींच्या ज्वारीचें बियाणें लवकरच येणार म्हणून कोणी आपला नत्राचा हिशेब बदलूं नये. आणि असें बियाणें किंवा ‘सर्व पिकांस गांठी आणणारें’ औषध विकावयास कोणी आलाच, तर त्यास नम्रपणें परत पाठवावें. ॲझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम यांची गोष्ट निराळी. ते जंतु मुळांच्या आसपास राहून थोडाफार लाभ देतात, पण गांठ करीत नाहींत व तसा दावाहि नाहीं.

आजच्या आज करण्यासारखें काम बुरशी सांभाळण्याचें आहे. ती जिवंत मुळावांचून वाढत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतीं आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे. तेथें ओल सांठविण्यासाठीं रान वर्षाहून अधिक काळ उघडें ठेवीत. ओलहि सांचे, नत्रहि सांचे, तरी पुढील पीक खुरटें राही. १९८७ सालीं टॉम्सन यांनीं त्याचें कारण दाखविलें: इतका काळ मुळें न मिळाल्यानें बुरशी क्षीण होई व पिकास स्फुरद मिळेना. आपल्याकडे रब्बी ज्वारीसाठीं खरिपांत रान पडीक ठेवतात तो काळ सात-आठ महिन्यांचा; म्हणून तितकीच हानि होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें मृगाचा पाऊस वेळेवर पडतो तेथें खरिपांत साठ-सत्तर दिवसांचा मूग घेऊन नंतर ज्वारी पेरणें अधिक बरें. मुगास गांठीहि येतात व बुरशीहि राहते. एकाच सांखळीचीं दोन्ही कामें एका पिकांत होतात. भारी रानांत ओलीची चिंता असेल त्यानें अर्ध्याच रानांत करून पाहावें. मोहरीसारख्या पिकानंतर ज्वारी किंवा मका घेणाऱ्यानें आरंभीं स्फुरदाची उणीव दिसते काय इकडे लक्ष ठेवावें. तण जाईपर्यंत पाळ्या घालाव्या, पण उगाच पाळीवर पाळी घालून मातींतील तंतूंचें जाळें तोडीत राहूं नये. बाजारांत मूळ-बुरशीचीं पाकिटें मिळतात. त्यांतील बुरशी जिवंत आहे कीं नाहीं हें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तीं घ्यावयाचीं तर आधीं दोन तासांवर परीक्षा करून मग सर्व रानास घ्यावीं.

आपल्या ज्वारींत बुरशी आहे किंवा नाहीं हें पाहण्याची एक स्वस्त रीत १९९८ सालीं प्रसिद्ध झाली आहे. जवळच्या शाळेंत किंवा महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक असेल तर तेथील शास्त्रशिक्षकांकडून ती करवून घ्यावी. पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनीं पाऊस किंवा ओल असतां झाड खणून काढावें, उपटूं नये. उपटल्यास बारीक मुळ्या जमिनींतच राहतात. केसासारख्या मुळ्या धुवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या शेंकडा १० द्रावणांत रंग जाईपर्यंत उकळाव्या. हें द्रावण अंग भाजणारें आहे, म्हणून घरीं किंवा मुलांच्या हातून हें काम होऊं देऊं नये. मग मुळ्या स्वच्छ धुवून, शिरक्यांत शेंकडा ५ काळी लेखणीची शाई मिसळून त्यांत तीन मिनिटें उकळाव्या, आणि शिरक्याचे थोडे थेंब टाकलेल्या पाण्यांत वीस मिनिटें ठेवाव्या. बुरशी असल्यास मुळाच्या सालींत तिचे काळे तंतु व झुबके दिसतात. पडीक रानांतील, मुगावरील व सोयाबीनवरील ज्वारीच्या मुळ्या वेगवेगळ्या पुड्यांत, पुडीवर शेताचें व मागील पिकाचें नांव घालून न्याव्या, म्हणजे तिन्हींची तुलना एकाच दिवशीं करतां येईल.